स्वतःच्या खिशातून ऑपरेशन करताय आणि बिल अचानक वाढलं, तर काय काय करायचं (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

मागच्या पावसाळ्यात बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन केलं, ठाण्यातच, घोडबंदर रोडच्या एका हॉस्पिटलमध्ये. पॉलिसी होती पण नवीन, आणि हर्निया, मोतीबिंदू, पित्ताशयाचे खडे असल्या गोष्टींना बहुतेक पॉलिसीत दोन वर्षं थांबावं लागतं, आमचं जेमतेम एक झालेलं. म्हणजे सगळं खिशातून. सर्जनना भेटून खाली आलो तेव्हा काउंटरवरच्या मॅडमनी अर्ध्या कागदावर लिहून दिलं, लॅप हर्निया, ट्विन शेअरिंग, २ दिवस, ९२,००० (म्हणजे दुर्बिणीतून ऑपरेशन, दोन पेशंटची रूम). तोंडी म्हणाल्या "सगळं धरून आहे, थोडंफार इकडेतिकडे होईल". तो कागद मी घडी घालून पाकिटात ठेवला आणि निवांत झालो. तिसऱ्या दिवशी बिल हातात आलं ते १,५१,४०० चं.

५९,४०० रुपये जास्त कुठून आले ते आधी सांगतो, कारण तुमचंही बिल जवळपास याच वाटांनी वाढेल. जाळी आणि टॅकर (हर्नियात लागतात, काय ते पुढे सांगतो) यांचे २७,५००. ट्विन रिकामी नव्हती म्हणून सिंगल रूम दिली, तिचं भाडं दोन दिवसांचं ४,००० जास्त, आणि सिंगल घेतली म्हणून सर्जन, भूल आणि ओटी (ऑपरेशन थिएटर) यांचे दर सिंगलच्या हिशोबाने लागले ते आणखी ११,२००. ईसीजी थोडा वेगळा आला म्हणून हार्टच्या डॉक्टरांची व्हिजिट आणि टू-डी इको (हार्टची सोनोग्राफी), ४,३००. एक दिवस जास्तीचा, ६,४००. आणि पॅकेजच्या बाहेरची औषधं, ग्लोव्हज, सिरिंज वगैरे ६,०००.

हे सगळं शेवटच्या दिवशी घडलं नव्हतं. रूम बदलली तेव्हा मी हो म्हटलं होतं, जाळीच्या कागदावर सही मीच केली होती, इकोला पण हो मीच म्हटलं. प्रत्येक वेळी कुणी आकडा सांगितला नाही आणि मी पण विचारला नाही, चूक तिथे झाली. म्हणून हा लेख त्या क्रमानेच लिहितोय, कुठल्या टप्प्यावर काय विचारायचं आणि काय लिहून घ्यायचं.

सगळ्यात आधी: खरंच खिशातून भरायची गरज आहे का

महात्मा फुले जन आरोग्य योजना आता फक्त पिवळ्या-केशरी रेशन कार्डवाल्यांची राहिलेली नाही, पांढरं कार्ड असलेली कुटुंबं पण त्यात आली आहेत आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर आहे. घरातला माणूस ७० किंवा त्याहून जास्त वयाचा असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालंय, उत्पन्नाची अट नाही. पण दोन गोष्टी, हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे आणि तुमचं ऑपरेशन त्या यादीत असलं पाहिजे, शिवाय काही ऑपरेशन्स योजनेतून फक्त सरकारी हॉस्पिटलमध्येच होतात. जन आरोग्यचा टोल फ्री नंबर १५५३८८, आयुष्मानचा १४५५५. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं (योजनेच्या मदतनिसाचं) टेबल असतं, तिथे जाऊन थेट विचारलेलं सगळ्यात बरं, फोनवर अर्धवट कळतं.

दुसरा रस्ता धर्मादाय हॉस्पिटलचा. ट्रस्टची जी मोठी हॉस्पिटल्स आहेत त्यांना मुंबई हायकोर्टाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला लागतो, तहसीलदाराचा, तो ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मिळत नाही, त्यामुळे आधीच अर्ज टाका. आणि घाई नसलेलं साधं ऑपरेशन असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिकेचं रुग्णालय, नेरुळ-कामोठेची मेडिकल कॉलेजची हॉस्पिटल्स, इथे एकदा ओपीडी करून बघा. रांग असते, चकरा होतात, ते खरंय. पण कमीत कमी आकडा तरी कळतो की हेच काम किती स्वस्तात होऊ शकतं आणि मग खासगीत बोलताना तुमचा आवाज वेगळा असतो.

कोटेशन घेताना

एस्टिमेट आणि पॅकेज हे दोन वेगळे शब्द आहेत आणि काउंटरवर ते एकच असल्यासारखे वापरतात. एस्टिमेट म्हणजे अंदाज, तो कितीही वाढू शकतो. पॅकेज म्हणजे ठरलेली रक्कम, ठरलेल्या दिवसांसाठी, ठरलेल्या गोष्टी धरून. पहिला प्रश्न हाच, "मॅडम हे पॅकेज आहे की एस्टिमेट?" आणि उत्तर काहीही आलं तरी लेटरहेडवर किंवा ईमेलवर मागा. अर्धा कागद घेऊ नका. माझ्या अर्ध्या कागदावर ना तारीख होती ना सही ना शिक्का, नंतर तो दाखवला तर बिलिंगवाले म्हणाले हे आमच्याकडचं आहे हे कशावरून.

कागदावर काय काय हवं? सर्जनची फी, असिस्टंटची फी, भूलतज्ज्ञांची फी (बऱ्याच ठिकाणी सर्जनच्या फीच्या साधारण तिसरा हिस्सा असते), ओटी चार्ज, रूमचा प्रकार आणि किती दिवस, औषधं आणि कन्झ्युमेबल्स (ग्लोव्हज, सिरिंज वगैरे) पॅकेजच्या आत आहेत की बाहेर, आत असतील तर किती रकमेपर्यंत, जाळी किंवा स्टेंट किंवा लेन्स किंवा सांधा जे काही शरीरात बसणार त्याची कंपनी आणि किंमत, बायोप्सीला काही पाठवलं तर त्याचे पैसे कोण देणार, आणि ऑपरेशननंतरच्या किती व्हिजिट धरल्या आहेत. शिवाय कोटेशन किती दिवस चालेल. हे शेवटचं कुणी विचारत नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी गर्भाशयाच्या ऑपरेशनचं कोटेशन फेब्रुवारीत घेतलं, मुलीची परीक्षा संपू दे म्हणून मेमध्ये अ‍ॅडमिट झाल्या, मधल्या काळात हॉस्पिटलचे दर बदललेले, जुन्या कागदावर तारीखच नव्हती म्हणून भांडता पण आलं नाही.

एक प्रश्न असा आहे जो प्रत्येकाने विचारावा असं मला मनापासून वाटतं आणि तो काउंटरवर नाही, सर्जनलाच विचारायचा: "ऑपरेशन चालू असताना प्लॅन बदलला तर काय काय होऊ शकतं आणि तेव्हा खर्च साधारण किती जाईल?" दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन कधी कधी उघडून करावं लागतं, कधी एक रात्र आयसीयूत ठेवतात. चांगले सर्जन हे शांतपणे सांगतात. मग काउंटरवर त्या दुसऱ्या परिस्थितीचा पण आकडा लिहून मागा. म्हणजे तुमच्याकडे दोन आकडे असतात, सरळ झालं तर इतके आणि अडचण आली तर इतके, आणि पैशांची तयारी दुसऱ्या आकड्याची ठेवायची.

अजून एक. आपल्याकडचे बरेच सर्जन एकाच हॉस्पिटलचे नसतात, सकाळी नौपाड्यात, दुपारी माजिवड्याला, एक दिवस वाशीला असं करतात. त्यांना सरळ विचारा, "सर तुम्ही अजून कुठे ऑपरेट करता, तिथे किती येईल?" राग वगैरे कुणाला येत नाही. तेच हात, तेच ऑपरेशन, नर्सिंग होममध्ये बराच फरक पडतो. फक्त वय जास्त असेल, हार्टचा-शुगरचा त्रास असेल तर आयसीयू असलेलंच हॉस्पिटल बघा, तिथे पैसे वाचवू नका.

फिटनेसच्या टेस्ट, म्हणजे रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे, गरज असेल तर इको, हे अ‍ॅडमिट व्हायच्या आधी करून घ्या. बाहेरच्या लॅबचे रिपोर्ट चालतात का आणि किती दिवसांच्या आतले हवेत ते आधी विचारा. बाबांचं आम्ही हे केलं नाही म्हणून तो ४,३०० चा इको अ‍ॅडमिशननंतर, घाईत, त्यांच्या दराने झाला.

रूम

याबद्दल जरा जास्त लिहितो कारण इथेच बहुतेक लोक फसतात. रूमचा प्रकार बदलला की फक्त भाडं बदलत नाही. बऱ्याच हॉस्पिटल्समध्ये सर्जनची फी, भूल, ओटी, डॉक्टरांच्या व्हिजिट, काही ठिकाणी तर तपासण्या पण रूमच्या वर्गाप्रमाणे लागतात. जनरलला एक दर, ट्विनला एक, सिंगलला एक, डिलक्सला एक. ऑपरेशन तेच, टेबल तेच, सुरी तीच. म्हणून "फक्त हजार-दोन हजाराचा फरक आहे ना, घेऊन टाकू सिंगल, आईला बरं पडेल" असं म्हणू नका, आधी विचारा की या रूमला पूर्ण बिल किती होईल.

आणि तुम्ही मागितलेली रूम रिकामी नाही, वरची देतोय असं हॉस्पिटल म्हणालं तर तिथेच, सामान उचलायच्या आधी, अ‍ॅडमिशन फॉर्मवर हाताने लिहा: "ट्विन शेअरिंग मागितली होती, उपलब्ध नसल्याने सिंगल दिली, बिल ट्विनच्या दराने व्हावे." खाली तारीख, वेळ, तुमची सही, आणि काउंटरवरच्या माणसाची सही. ते नाही म्हणाले तर त्यांना त्यांच्या मॅनेजरला फोन करायला लावा. तेवढा वेळ पेशंट लॉबीत खुर्चीवर बसला तरी चालतं, प्लॅन केलेल्या ऑपरेशनला पंधरा मिनिटांनी काही बिघडत नाही.

भाड्यावर जीएसटीचं पण एक आहे. हॉस्पिटलच्या उपचारांवर जीएसटी नाही, पण आयसीयू सोडून ज्या रूमचं भाडं दिवसाला ५,००० च्या वर आहे तिच्यावर जुलै २०२२ पासून ५ टक्के लागतो. तोही पूर्ण भाड्यावर, वरच्या शे-दोनशेवर नाही. आणि दिवस कसा मोजतात ते विचारून ठेवा, कुठे दुपारी १२ ते १२ असतो, कुठे अ‍ॅडमिशनच्या वेळेपासून चोवीस तास. आमचा जास्तीचा दिवस याच्यामुळेच आला, पुढे सांगतो.

जाळी, टॅकर, स्टेंट, सांधा: शरीरात जे बसणार त्याचे पैसे

हर्नियात पोटाच्या भिंतीला आतून जाळी लावतात आणि ती जागेवर राहावी म्हणून काही डॉक्टर टॅकर नावाचं एक यंत्र वापरतात, बंदुकीसारखं दिसतं, त्यातून बारीक पिना बसतात, एका पेशंटला एक. आमच्या पॅकेजमध्ये साधी जाळी धरली होती आणि टॅकर धरलाच नव्हता. आता टॅकर लागेल की नाही हे सर्जनला साधारण आधी माहीत असतं. त्यामुळे आधीच विचारायचं: जाळी कुठल्या कंपनीची, साधी की हलकी, टॅकर वापरणार का, टाक्यांनी होणार नाही का, आणि या सगळ्याची किंमत किती. सर्जनने सांगितलं की टॅकर लागतोच तर मग लागतोच, वैद्यकीय निर्णय त्यांचा आहे आणि तो त्यांनाच घेऊ द्या. पण किंमत हा तुमचा विषय आहे.

हार्टच्या स्टेंटची किंमत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि गुडघ्याच्या सांध्याची ऑगस्ट २०१७ मध्ये बांधून दिली, ती वेळोवेळी बदलते, ताजा आकडा एनपीपीएच्या (औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) वेबसाइटवर बघायला मिळतो. स्टेंट असेल तर त्याची किंमत, ब्रँड आणि बॅच नंबर बिलात वेगळा दाखवावा लागतो, पॅकेजमध्ये मिसळून चालत नाही. बाकीच्या वस्तूंना, जाळी असो की टॅकर, अशी बांधलेली किंमत नाही, पण एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली, त्यामुळे त्यांची एमआरपी कंपनीला वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही आणि एमआरपीच्या वर तर कुणालाच विकता येत नाही.

तरी एमआरपी हा काही खरा भाव नसतो. एनपीपीएनेच २०१८ मध्ये दिल्ली भागातल्या चार खासगी हॉस्पिटल्सची बिलं तपासली होती तेव्हा काही वस्तूंवर १,७०० टक्क्यांच्या वर नफा निघाला होता. सांगायचा मुद्दा, जाळी-टॅकरच्या एमआरपीवर कमी करून मागायला लाजू नका. "इम्प्लांटवर काय कमी होईल" हा प्रश्न बिलिंगवाल्यांना रोजचा आहे. पण तो ऑपरेशनच्या आधी विचारा, वस्तू पोटात गेल्यावर कोण कशाला कमी करेल.

आणि स्टिकर! प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यावर स्टिकर असतो, कंपनी, मॉडेल, बॅच नंबर. तो केस पेपरवर चिकटवतात. सिस्टरना आधीच सांगून ठेवा की एक स्टिकर आम्हाला पण हवाय, नाहीतर केस पेपरवरच्या स्टिकरचा फोटो तरी काढू द्या. बिलात दोन जाळ्या लागल्या असतील आणि स्टिकर एकच असेल तर तिथेच विषय संपतो.

अ‍ॅडमिशनच्या दिवशीच्या सह्या

फॉर्मच्या गठ्ठ्यात बहुतेक वेळा एक वाक्य असतं, अंदाजापेक्षा खर्च वाढल्यास तो भरण्यास मी तयार आहे. त्यावर सही करावी लागते, नाहीतर अ‍ॅडमिट करत नाहीत. करा, पण त्याच ओळीच्या बाजूला हाताने लिहा: "५,००० रुपयांपेक्षा जास्त खर्च वाढणार असल्यास आधी आकडा कळवून संमती घ्यावी, जीव वाचवण्याची तातडी असल्यास अपवाद." खाली तुमचा मोबाइल नंबर. मी हे दुसऱ्यांदा, आईच्या वेळी केलं. काउंटरवरच्या मुलाने वाचलं, आत जाऊन कुणाला तरी विचारून आला आणि काही न बोलता शिक्का मारला. त्यानंतर तीन दिवसांत मला दोनदा फोन आला, आकड्यासकट.

सगळ्या पानांचे फोटो काढा. डिपॉझिट कार्डने, यूपीआयने किंवा चेकने भरा आणि प्रत्येक पावती जपा. कॅशमध्ये दिलंत तर स्वस्त पडेल असं कुणी म्हणालं तरी नको, पावती नसेल तर पुढे काहीच हातात राहत नाही. तसंही एका दिवसात किंवा एकाच उपचारासाठी मिळून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१७ पासून कायद्याने बंदी आहे. घरात ६० किंवा त्याहून जास्त वयाचा पेशंट असेल, त्याची मेडिक्लेम पॉलिसीच नसेल आणि तुम्ही जुन्या पद्धतीने टॅक्स भरत असाल तर त्याच्या उपचारांच्या खर्चावर ८०डी खाली ५०,००० पर्यंत वजावट मिळते, पण तीही कॅश सोडून भरलं असेल तरच.

ओटीच्या दाराशी

हा सगळ्यात अवघड क्षण. आत बाबा, बाहेर आपण, आणि हिरव्या कपड्यातलं कुणीतरी दार अर्धवट उघडून म्हणतं "अमुक लागणार आहे, इथे सही करा". आपलं डोकं चालत नाही. म्हणून दोन माणसं लागतात. आमच्याकडे दुसऱ्या वेळी ताई ऐरोलीहून आली, ती आईजवळ आणि मी फक्त कागद, पैसे, फोन. माझं काम ठरलेलं होतं, भावनेचं काहीच नाही.

त्या क्षणी तीनच प्रश्न विचारायचे. हे आत्ताच लागणार आहे की थांबता येईल? याला दुसरा पर्याय आहे का? आणि किती रुपये? उत्तर "आत्ताच" असेल तर सही करा, वेळ घालवू नका, पण सहीजवळ वेळ लिहा आणि "दर सांगितला नाही" असं असेल तर तेही लिहा. जीवाचा प्रश्न असताना हॉस्पिटलशी पैशावरून वाद घालत बसू नये, ती वेळ नंतर येते आणि तेव्हा तुम्ही लिहिलेल्या या चार शब्दांचा उपयोग होतो.

अपघात किंवा अचानक आलेल्या इमर्जन्सीत तर कोटेशन वगैरे काही नसतंच. तिथे एवढंच लक्षात ठेवा की डिपॉझिट नाही म्हणून जीव वाचवणारे पहिले उपचार नाकारता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच डॉक्टरांचं हे कर्तव्य सांगितलंय. पेशंट स्थिर झाला की मग खाली जाऊन दरपत्रक मागा आणि पुढचे दिवस खाली सांगतो तसे काढा.

रोज संध्याकाळी बिल बघा

या अख्ख्या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा. रोज संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला, बिलिंगची शिफ्ट बदलायच्या आधी, काउंटरवर जा आणि आजपर्यंतचं बिल, तारखेप्रमाणे आणि आयटमप्रमाणे, प्रिंट काढून मागा. देतात. "फायनलला मिळेल" म्हणाले तर म्हणा की रुग्ण हक्क सनदेप्रमाणे सविस्तर बिल मिळण्याचा हक्क आहे. २०२१ पासून महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीच्या नियमांमध्ये ही सनद आणि दरपत्रक दर्शनी जागेत लावायला लावलं आहे, अ‍ॅडमिशन, खाट, आयसीयू, डॉक्टरांची व्हिजिट, भूल, ओटी, नर्सिंग, ऑक्सिजन असे दर त्यात असतात. लॉबीत शोधा, बऱ्याचदा लिफ्टच्या मागे किंवा झाडाच्या कुंडीआड असतं. त्याचा पहिल्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

ताईने एक शाळेची वही केली होती, शंभर पानी, तिच्यात ती वरती बसून लिहायची: ९.१० डॉक्टर आले, दोन मिनिटं. ११.०० सलाइन लावलं. १.३० फिजिओ आला नाही. ४.०० दोन इंजेक्शनं. संध्याकाळी मी खालून बिल आणलं की आम्ही ते वहीशी ताडून बघायचो. एका दिवशी तीन व्हिजिट लावल्या होत्या, वहीत दोन. न आलेल्या फिजिओचे ७०० लागले होते. सिस्टरना वही दाखवली, त्यांनी वॉर्डातलं रजिस्टर बघितलं, दोन्ही चार्ज बिलातून काढले. भांडण नाही काही नाही, त्याच दिवशीचं असल्यामुळे सगळ्यांना आठवत होतं. हेच तीन दिवसांनी काढलं असतं तर कुणालाच काही आठवलं नसतं.

औषधांचं वेगळं लक्ष ठेवा. हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून घेतलं पाहिजे अशी सक्ती करता येत नाही, औषध आणि तपासणी कुठून करायची हे निवडायचा हक्क सनदेत आहे, पण व्यवहारात ओटीत आणि आयसीयूत लागणारं बाहेरून आणणं जमत नाही आणि तिथे हट्ट करू नका. वॉर्डातली रोजची महागडी इंजेक्शनं मात्र बाहेरून स्वस्त पडतात, डॉक्टरांना ब्रँड बदलून चालेल का विचारून आणा. आणि न वापरलेली औषधं परत करायची असतात! बाबांच्या उशाशी ड्रॉवरमध्ये एक पिशवी होती, तिच्यात फोडलेली नाहीत अशी चार इंजेक्शनं, सहा सिरिंज, ग्लोव्हजचं अख्खं पाकीट. वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं म्हणून कळलं, "दादा ते खाली देऊन या, पैसे कमी होतात". २,८५० रुपये निघाले त्या पिशवीतून.

बिलात काही अचानक दिसलं तर त्याच वेळी बिलिंगला व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेल टाका, तोंडी नको. साधा मेसेज पुरे: "नमस्कार, पेशंटचं नाव, यूएचआयडी (हॉस्पिटलने पेशंटला दिलेला) नंबर. आजच्या बिलात अमुक चार्ज तमुक रुपये दिसतोय. आमच्या अमुक तारखेच्या कोटेशनमध्ये हा धरलेला आहे / नाही. कृपया याचं कारण आणि कुणाच्या सांगण्यावरून लागला ते कळवा. तोवर हा चार्ज आम्हाला मान्य नाही." आवाज न चढवता लिहिलेला असा मेसेज फार काम करतो, कारण तो वरच्यांकडे जातो.

डिस्चार्जच्या दिवशी

डॉक्टर सकाळी राउंडला येऊन "आज सोडतो" म्हणाले की घड्याळ बघा आणि लिहून ठेवा. बाबांना साडेनऊला डिस्चार्ज सांगितला, समरी टाइप व्हायला साडेबारा, मेडिकलचं क्लिअरन्स दीड, बिल अडीचला. आणि दिवस १२ ला संपत असल्याने एक दिवस जास्तीचा, ६,४००. उशीर त्यांचा, पैसे आमचे. त्यामुळे आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा की उद्या डिस्चार्ज आहे, समरी तयार ठेवा, औषधं आज रात्रीच परत घ्या.

बिल आलं की लगेच पैसे भरू नका. "मला अर्धा तास द्या" म्हणा, कँटीनमध्ये चहा घेऊन बसा आणि कोटेशन, रोजची बिलं आणि फायनल बिल बाजूबाजूला ठेवा. वाढलेल्या प्रत्येक रकमेपुढे तीनपैकी एक खूण करा: मी हो म्हटलं होतं आणि आकडा माहीत होता, मी हो म्हटलं पण आकडा सांगितला नव्हता, मला विचारलंच नव्हतं. मग काउंटरवर नाही, बिलिंग मॅनेजर किंवा मेडिकल सुपरिटेंडेंटना भेटायचं आणि तिसऱ्या गटापासून सुरुवात करायची.

बाबांच्या वेळी माझ्याकडे फार काही नव्हतं, पण अ‍ॅडमिशन फॉर्मवर रूमच्या रकान्यात त्यांच्याच माणसाने "ट्विन" लिहिलेलं निघालं. त्यावर रूमचे सगळे १५,२०० कमी झाले. केस पेपरवर डॉक्टरांनी डिस्चार्जची वेळ ९.३० लिहिली होती म्हणून जास्तीच्या दिवसाचे ६,४०० पण कमी झाले. औषधांचे २,८५० आधीच सांगितलेत. एकूण २४,४५० कमी होऊन १,२६,९५० भरले. टॅकरचे कमी झाले नाहीत. स्टिकर होता, एमआरपी बरोबर होती, सही माझी होती. ते पैसे ऑपरेशनच्या आधीच्या एका प्रश्नाने वाचले असते किंवा निदान तयारी तरी झाली असती.

बोलताना एक पाळा, सिस्टरवर, मावशींवर, काउंटरवरच्या पोराटोरांवर ओरडू नका. दर त्यांनी ठरवलेले नसतात, आणि पेशंट अजून त्यांच्याच हातात असतो.

तरीही ऐकलं नाही तर

पैसे आहेत पण बिल मान्य नाही अशी स्थिती असेल तर भरा, मात्र पत्र देऊन: "अमुक रकमेला हरकत नोंदवून भरत आहोत", आणि त्या पत्राच्या कॉपीवर पोच घ्या. पैसेच नसतील तर लेखी हप्ते मागा. बिल थकलंय म्हणून पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही, सनदेत ते स्पष्ट आहे, हॉस्पिटलला पैसे वसूल करायचे तर कोर्टाचा रस्ता आहे. अडवलंच तर १०० किंवा ११२ ला फोन करा. केस पेपरच्या कॉपी लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात, त्या घेऊनच ठेवा.

तक्रार आधी हॉस्पिटलच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, कारण नर्सिंग होमची नोंदणी तेच करतात. ठाण्यात ठाणे महापालिका, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका, खारघर-कामोठे-पनवेलला पनवेल महापालिका. इथे लोक गोंधळतात, खारघर नवी मुंबईत म्हणून सगळे नवी मुंबई पालिकेत जातात आणि परत येतात. औषध किंवा इम्प्लांट एमआरपीपेक्षा जास्त लावलं असेल तर एनपीपीएची हेल्पलाइन १८०० १११ २५५.

त्याने झालं नाही तर ग्राहक आयोग. खासगी डॉक्टर आणि हॉस्पिटल्स ग्राहक कायद्याखाली येतात हे १९९५ मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. आधी १९१५ वर (ग्राहक हेल्पलाइन) फोन करून नोंद करा, काही वेळा तेवढ्यानेच हॉस्पिटलकडून फोन येतो. केस करायची तर घटनेपासून दोन वर्षांच्या आत, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन पण दाखल होते. खारघर-पनवेलवाले रायगड जिल्ह्यात येतात हे इथेही लक्षात ठेवा. तिथे तुमचं कोटेशन, हाताने लिहिलेल्या ओळी, रोजची बिलं आणि मेसेज एवढंच चालतं, तोंडी आश्वासनं नाहीत.

फाइल घरी आल्यावर टाकून देऊ नका. बाबांना दहा दिवसांनी टाके दाखवायला नेलं तर खाली ८०० रुपयांची पावती फाडायला लागले. पॅकेजमध्ये दोन व्हिजिट आहेत म्हटलं, नाही म्हणाले. पण डिस्चार्जच्या वेळी मी बिलाच्या मागे मॅडमकडून लिहून घेतलं होतं, "२ फॉलोअप फ्री", सही आणि शिक्का. ते पान काढून दाखवलं. पोराने वाचलं, पावतीबुक बाजूला ठेवलं आणि बाबांना म्हणाला, "आजोबा, बसा, पुढचा नंबर तुमचाच."